झैतूनच्या बंदरात सहा दिवस

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फुच्येन प्रांतात छ्वानचौ हे शहर आहे. सुंग आणि युआन राजवटींत, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकात, हे आशियातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होतं. अरब आणि युरोपीय प्रवासी त्याला झैतून म्हणत. हे नाव एका झाडावरून पडलं. दहाव्या शतकात इथल्या तटबंदीभोवती ‘त्सथुंग’ची झाडं लावली होती. त्सथुंग म्हणजे आपला पांगारा. अरबीत मात्र झैतून म्हणजे ऑलिव्ह, त्यामुळे चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने आवर्जून लिहून ठेवलं की नाव झैतून असलं तरी इथे ऑलिव्ह नाही. पांगारा आजही या शहराचं मानाचं फूल आहे. साटीन हा शब्दही याच बंदराच्या नावावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात.

२०२१ मध्ये इथली २२ स्थळं मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. बहुतेक लोक काययुआन मंदिरापासून सुरुवात करतात आणि मग जमेल तसं बाकीचं बघतात. त्यात प्रत्येक जागा सुटी सुटी दिसते. इथला क्रम वेगळा आहे: माल ज्या वाटेने आत यायचा त्याच वाटेने आपणही जायचं. आधी समुद्रावरची खूण, मग धक्का, पूल, वेस, जकातघर, आणि त्यानंतर व्यापाऱ्यांची देवळं आणि थडगी.

निघण्यापूर्वीच्या काही गोष्टी. ग्वांगचौ म्हणजे जुनं कँटन. ते वेगळं शहर. रोमन लिपीत दोन्ही नावं जवळजवळ सारखी दिसतात आणि तिकीट काढताना हमखास घोळ होतो. मुंबईहून हाँगकाँग किंवा सिंगापूरमार्गे शियामेन गाठावं. तिथून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात छ्वानचौ. स्टेशनं मात्र एकाहून जास्त आहेत. जुन्या शहरात मुक्काम असेल तर ‘पूर्व’ किंवा ‘दक्षिण’ असं काही न जोडलेलं, नुसतं छ्वानचौ हे स्टेशन घ्यावं. पैसे मोबाइलवरूनच दिले जातात, म्हणून अलिपे किंवा वीचॅटला आपलं कार्ड घरूनच जोडून यावं. गूगलचे नकाशे तिथे कामाचे नाहीत. सगळ्या जागांची नावं चिनी लिपीत छापून जवळ ठेवली की टॅक्सीवाल्याशी बोलणं सोपं जातं. जुलै ते सप्टेंबर वादळांचे महिने, ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीच्या गर्दीचा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, कारण तेव्हा ईशान्येचा वारा सुटलेला असतो, आणि हे बंदर त्याच वाऱ्यावर जगलं.

पहिला दिवस: समुद्राकडून

शहराच्या आग्नेयेला शिशी भागात बावगाय टेकडीवर वानशौ मनोरा आहे. बाराव्या शतकात बांधलेला हा दगडी मनोरा २२.८६ मीटर उंच आहे. मनोऱ्याची उंची बेताची, पण टेकडीच उंच असल्याने तो समुद्रातून लांबवर दिसे आणि तांडेलांना दिशा देई. लोक त्याला नणंद-भावजयीचा मनोरा म्हणतात. परदेशी गेलेल्या भावाची, नवऱ्याची वाट बघत दोघी इथे उभ्या राहत, अशी कथा आहे.

तिथून शिहूला जावं. ल्यौशंग मनोरा अगदी खाडीच्या तोंडाशी उभा आहे: अष्टकोनी, पाच मजली, ३६.०६ मीटर. पहिलं बांधकाम ११११ ते १११७ चं, आज दिसतो तो १३३६ ते १३३९ मध्ये नव्याने उभारलेला. वानशौ दिसला की किनारा जवळ आला, ल्यौशंग दिसला की खाडीत शिरायचं. मनोऱ्याच्या पायथ्याशी शिहूचा धक्का आहे. किनाऱ्यावरच्या नैसर्गिक खडकांचाच आधार घेऊन तो केला आहे. ओहोटीला गेलं तरच त्याची रचना नीट कळते.

परतीच्या वाटेवर चिनच्यांगमध्ये त्साओ-आन हे छोटं देऊळ आहे. ते चुकवू नये. इराणच्या मणी या धर्मसंस्थापकाची दगडात कोरलेली मूर्ती इथे १३३९ पासून आहे, उंची १.५२ मीटर. मूर्ती एकाच खडकातली, तरी चेहरा हिरवट, हात गुलाबीसर आणि वस्त्र राखाडी दिसतं. कोरणाऱ्याने दगडातल्या रंगांच्या शिरा ओळखून काम केलं आहे. मागे प्रभावळीचे १८ किरण आहेत. दाढीच्या दोन बटा आणि खांद्यांवर रुळणारे सरळ केस बघितले की ही बुद्धमूर्ती नव्हे हे कळतं. गावकरी मात्र तिला बुद्ध म्हणूनच पूजतात, आणि त्यामुळेच ती टिकली. १९७९ मध्ये देवळासमोर ‘मिंगच्याओ हुइ’, म्हणजे प्रकाशधर्माची सभा, अशी अक्षरं असलेला काळा वाडगा सापडला. इथे खरोखरच मणीच्या अनुयायांची मंडळी जमत होती, याचा तो पुरावा.

दुसरा दिवस: ल्वोयांगचा पूल

या पुलाला जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघाव्याच लागतात. वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशीच्या अंदाजावर जाऊ नये. ओहोटीला पोहोचावं आणि भरती येईपर्यंत थांबावं. तीन-चार तास लागतात, पण हा पूल बांधला कसा हे त्याशिवाय कळत नाही.

१०५३ ते १०५९ या काळात हे काम झालं. पुढच्या टप्प्यात प्रांताधिकारी त्साय श्यांग याने ते तडीस नेलं. खाडीचं तोंड, तळाला खोल गाळ, आणि दिवसातून दोनदा उलटसुलट धावणारं पाणी. अशा जागी खांब रोवला तर तो गाळात खचतो, नाहीतर प्रवाह त्याच्या बुडाखालची माती उकरून नेतो. म्हणून आधी पुलाच्या रेषेत खाडीच्या तळावर दगड ओतले गेले आणि सुमारे २५ मीटर रुंदीचा, पाण्याखाली राहणारा बांध तयार केला. खांब त्या बांधावर चढवले. एकेका खांबाखाली वेगळा पाया न घेता सगळ्यांना मिळून एकच पाया दिला, ही त्यातली मेख.

पुढची अडचण होती ती हे दगड जागेवर राहायचे कसे. भरतीच्या पाण्यात चुना धरायला वेळच मिळत नाही, लोखंडी पट्ट्या खाऱ्या पाण्यात गंजतात. त्यावर उपाय म्हणून बांधावर आणि खांबांवर कालवं वाढवली. कोकणात खडकावरची कालवं काढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही: कालवाचं खालचं कवच दगडाला असं चिकटतं की ते कोयत्याने फोडावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या कवचावर कवच चढत गेलं आणि दगड एकमेकांना बांधले गेले. म्हणूनच पुलाची कालवं काढायला बंदी होती. ओहोटीला खाली वाकून बघितलं तर खांबांच्या बुडाशी हा पांढुरका खडबडीत थर आजही दिसतो. खाली उतरून त्यावर पाय देऊ नये. कडा पात्यासारख्या असतात.

वरच्या लांबलचक दगडी तुळया चढवायचं काम भरतीने केलं. तुळई तराफ्यावर लादून भरतीला दोन खांबांच्या मधे आणायची, पाणी ओसरू लागलं की तराफा खाली जातो आणि तुळई आपोआप खांबांवर टेकते. तराफा तिरका लागला तर तुळई एका टोकाला घसरते, म्हणून वारा पडलेला असणं महत्त्वाचं. खांबांची टोकं नावेच्या नाळेसारखी निमुळती आहेत, पाणी कापलं जावं म्हणून.

दक्षिण टोकाला त्साय श्यांगचं स्मृतिमंदिर आहे. त्याच्याच हातचा लेख तिथे दगडावर आहे, एकूण १५३ अक्षरांचा. पाण्याला वाट द्यायला ४७ गाळे, लांबी ३,६०० चिनी फूट, रुंदी १५ फूट, खर्च १ कोटी ४० लाख नाणी. इतकं मोठं काम आणि वर्णन इतकं आटोपशीर. खाडी भरत आल्याने आणि दुरुस्त्यांमुळे आज पूल ७३१ मीटर उरला आहे. विसाव्या शतकात त्यावर काँक्रीट घातलं होतं. १९९० च्या दशकात ते काढून पूल पुन्हा जुन्या रूपात आणला.

संध्याकाळ शुन्पू या कोळीवाड्यासाठी. घरांच्या भिंती मोठाल्या कालवांच्या शिंपल्यांनी मढवलेल्या आहेत. परत येणाऱ्या रिकाम्या जहाजांत भार म्हणून हे शिंपले भरून आणले, असं इथले लोक सांगतात. इथल्या बायका अंबाड्याभोवती फुलांची गोल गोल वलयं माळतात. हल्ली फोटोंसाठी पर्यटकांची झुंबड उडते, म्हणून शनिवार-रविवार टाळावा.

तिसरा दिवस: वेस आणि जकात

जुन्या शहराच्या दक्षिणेला देजी वेशीचे अवशेष आहेत. वेस १२३० ची, उत्खनन २००१ चं. आज फक्त जोती, फरसबंदी आणि पाण्याच्या वाटा दिसतात. मात्र वेशीच्या नंतरच्या काळातल्या बांधकामात मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू आणि बौद्ध कोरीव दगड साध्या चिऱ्यांसारखे वापरलेले सापडले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पाचव्या दिवशी तिचा उलगडा होतो. समोरच ११९६ मध्ये स्थापन झालेलं थ्येनहौ मंदिर, खलाशांची देवी मात्सू हिचं.

जवळच शुइमन गल्लीच्या परिसरात शिबोस, म्हणजे सागरी व्यापाराच्या कचेरीची जागा आहे. १०८७ मध्ये ही कचेरी सुरू झाली. इमारत बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. उत्खननातलं जोतं तेवढं आहे. पण काम कसं चालायचं ते माहीत असेल तर इथे थांबण्यात अर्थ आहे. बाहेर जाणाऱ्या जहाजाला परवाना लागे, त्यात माणसं आणि माल यांची नोंद असे. परतलेल्या जहाजाच्या मालातून आधी सरकारी हिस्सा काढला जाई, उंची मालाचा साधारण दहावा भाग. त्यानंतर ठरावीक माल सरकार स्वतः ठरवलेल्या दराने विकत घेई आणि उरलेला बाजारात जाई. हिस्सा वाढला किंवा सरकारी दर पाडला की जहाजं दुसरं बंदर धरत, नाहीतर माल चोरवाटेने उतरवत. कचेरीचा कस लागे तो हे दर सांभाळण्यात. १२२५ मध्ये इथला प्रमुख असलेल्या झाओ रूग्वाने व्यापाऱ्यांकडून ऐकलेली माहिती लिहून ठेवली. तिच्यात मलबार, गुजरात आणि माळवा यांचीही वर्णनं आहेत, आणि मलबारकडचे एक बाप-लेक छ्वानचौच्या दक्षिण भागात राहतात अशी नोंदही आहे.

दुपारी थुमन रस्त्यावरची छिंगचिंग मशीद. तिच्या अरबी लेखानुसार ती हिजरी ४००, म्हणजे इसवी सन १००९-१० ची. १३१० मध्ये शिराझच्या अहमद बिन मुहम्मदने तिची दुरुस्ती केली. एकात एक बसवलेल्या टोकदार कमानींचं दगडी प्रवेशद्वार शाबूत आहे, प्रार्थनागृहाचं छप्पर गेलेलं आहे. भिंतीत मिंग सम्राट युंगलचं १४०७ चं संरक्षणाचं फर्मान आहे.

जेवणाबद्दल थोडं. पातळ शेवयांचं मिएनश्येन-हू हा इथला सकाळचा पदार्थ, पण त्यात बहुधा मांसाचा किंवा मासळीचा रस असतो. शाकाहारी माणसांनी मोठ्या बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खानावळी शोधाव्यात, तिथे निवांत जेवता येतं. चहा सगळीकडे, आणि तो बहुतेक जवळच्या आनशीचा थ्येक्वानयिन. इथल्या बोलीत चहाला ‘ते’ म्हणतात. युरोपात डचांबरोबर गेलेला ‘टी’ या किनाऱ्याचा. आपला ‘चहा’ चीनच्या बाकी भागांतल्या ‘छा’ या उच्चारातून आलेला.

चौथा दिवस: काययुआन

पूर्ण दिवस इथेच द्यावा. मंदिर ६८६ चं, तुतीच्या बागेत बांधलेलं. दोन दगडी मनोरे तेराव्या शतकातले: पश्चिमेचा १२२८ ते १२३७, उंची ४४.०६ मीटर, पूर्वेचा १२३८ ते १२५०, उंची ४८.२४ मीटर. १६०४ चा मोठा भूकंप दोघांनीही सोसला. पश्चिम मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर तलवार घेतलेला माकडमुखी योद्धा कोरला आहे. काही अभ्यासक त्याचं नातं हनुमंताशी जोडतात. दुर्बीण नेली नाही तर तो नीट दिसत नाही.

मुख्य सभामंडपासमोरच्या चौथऱ्याला खालून बघावं. कडेने ७३ कोरीव पट्ट्या आहेत, सिंह आणि मानवी तोंडाचे सिंह. लोक पायऱ्या चढून वर जातात आणि या पट्ट्या पायाखालीच राहतात. नंतर मंडपाला वळसा घालून मागच्या ओसरीत जावं. मधले दोन खांब बाकीच्यांपेक्षा वेगळे, हिरवट करड्या दगडाचे आहेत. खांबाचा दांडा सोळा पैलूंचा. वर, मध्ये आणि खाली चौरस ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याच्या चारही बाजूंना एकेक वर्तुळ. म्हणजे खांबाला बारा, दोन्ही मिळून चोवीस. ही घडण थेट दक्षिण भारतातल्या मंडपांतली.

एकेक वर्तुळ सावकाश बघावं. उग्र नरसिंह आहे. कमळांच्या तळ्यात पाय अडकलेला गजेंद्र आणि त्याच्यासाठी धावून आलेला विष्णू आहे. उखळाला बांधलेला बाळकृष्ण दोन अर्जुनवृक्षांमधून रांगतो आहे. कालियाच्या फण्यांवरचा कृष्ण आहे, आणि झाडावर बसलेला, गोपींची वस्त्रं नेलेला कृष्णही. काही वर्तुळांत मात्र चिनी नक्षी आहे. कोरणारे हात इथलेच असावेत. वस्त्रांच्या चुण्या आणि चेहरे त्यांच्या सवयीचे आहेत, कथा मात्र व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी इतक्या लांब, बौद्ध मंदिराच्या मागच्या ओसरीत ओळखू येतात, तेव्हा पाय तिथून निघत नाही. ओसरी उत्तरेकडे तोंड करून असल्याने ऊन थेट पडत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराचा उजेड बरा. हे खांब मूळचे इथले नव्हेत. युआनकाळातल्या एका हिंदू मंदिराचे हे दगड मिंगकाळातल्या, १६३७ च्या जीर्णोद्धारात इथे बसवले गेले.

आवारातच जहाजाचं दालन आहे. १९७४ मध्ये हौचू या इथल्याच बंदराच्या गाळातून काढलेलं हे तेराव्या शतकातलं जहाज. उरलेला सांगाडा २४.२ मीटर लांब, ९.१५ मीटर रुंद. वरच्या मजल्यावरून आधी पूर्ण आकार बघावा, मग खाली यावं. बारा आडभिंतींनी पोटाचे तेरा कप्पे केले आहेत. एक कप्पा फुटला तरी बाकीचे कोरडे राहतात, आणि मालही मालकवार वेगळा ठेवता येतो. आडभिंतींच्या बुडाशी पाण्याचा निचरा व्हायला छोटी भोकं आहेत. तळाला फळ्यांचे दोन थर, बाजूंना तीन. फटी तागासारखे धागे, चुना आणि तुंग झाडाच्या बियांचं तेल कुटून केलेल्या लुकणाने बुजवल्या आहेत. कण्याच्या सांध्यात सात छोटी भोकं आणि एक मोठं. छोट्यांत नाणी, मोठ्यात धातूचा आरसा ठेवला होता. सप्तर्षी आणि चंद्र यांची ही खूण, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून.

मालात २,३०० किलोहून अधिक सुगंधी लाकूड होतं, शिवाय मिरी, सुपारी, ऊद, पारा, कवड्या. मालकांची नावं लिहिलेल्या ९६ लाकडी पट्ट्या सापडल्या. नाण्यांवरून हे जहाज १२७० च्या दशकात बुडालं असं ठरतं. त्याच सुमारास पळत आलेल्या सुंग दरबाराला पू शौगंग या इथल्या बड्या मुसलमान व्यापारी-अधिकाऱ्याने थारा दिला नाही आणि शहर मंगोलांच्या हाती दिलं.

पाचवा दिवस: दगडांचं संग्रहालय

सागरी व्यापाराचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. पासपोर्ट जवळ हवा. धार्मिक शिळांचं दालन सर्वांत आधी बघावं. विसाव्या शतकात तटबंदी पाडली जाऊ लागली आणि तिच्यातून थडग्यांचे, देवळांचे दगड बाहेर पडू लागले. वू वनल्यांग या शाळाशिक्षकाने ते पदरमोड करून जमवले. १३५७ ते १३६६ च्या इस्पाह बंडात, म्हणजे इथल्या पर्शियन मुसलमान सैनिकांच्या उठावात, इथली परदेशी वस्ती उद्ध्वस्त झाली, तिची थडगी आणि मंदिरं भिंतींत चिणली गेली, आणि भिंतींनीच ती जपली. कमळावर उभा क्रूस आणि बाजूला पंख असलेले देवदूत, असे कितीतरी दगड आहेत. शिवलिंगाची पूजा करणारा हत्ती आहे.

इथल्या तमिळ शिलालेखाची मूळ शिळा मात्र शियामेन विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे; छ्वानचौत शोधत बसू नये. विद्यापीठात शिरायला आधी नोंदणी लागते. लेखाचं साल शके १२०३, महिना चैत्र, म्हणजे इसवी सन १२८१. संबंध पेरुमाळ याने खानाच्या फर्मानाने शिवाची स्थापना केली, असं त्यात आहे, आणि शेवटी चिनी अक्षरं आहेत. कुबलाई खानाच्या राज्यात आपला शक चालत होता.

उलट दिशेनेही खूप काही गेलं. चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. इथल्या दालनांत फुच्येनच्या भट्ट्यांची भांडी बघताना ते आठवावेत.

दुपारी लिंगशान टेकडी, दोन मुसलमान संतांच्या कबरी. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची दगडी ओसरी आहे. तिच्यातच मिंग दरबाराचा आरमारप्रमुख झेंग हे याचा छोटा लेख आहे: युंगलचं पंधरावं वर्ष, पाचव्या महिन्याची सोळावी तिथी, म्हणजे १४१७, होर्मुझ आणि इतर देशांकडे निघण्याआधी इथे धूप लावून रक्षणाची प्रार्थना केली.

सहावा दिवस: वारा मागण्याचा डोंगर

शहराच्या पश्चिमेला जिउरी डोंगर. चढ सोपा, पायऱ्यांचा. पण पावसानंतर शेवाळ असतं, तळ धरणारे बूट घालावेत. इथे खडकांवर वाऱ्याच्या प्रार्थनेचे दहा लेख आहेत, ११७४ ते १२६६ या काळातले. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर जहाजं दक्षिणेला निघत, उन्हाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्यावर परतत. त्यामुळे शिबोसचे अधिकारी वर्षातून दोनदा पायथ्याच्या थोंगयुआन राजाच्या देवळात येऊन वारा मागत. लेखांत तारीख आणि हजर अधिकाऱ्यांची नावं असतात, काहींत पूजेनंतर कुठे फिरलो, कुठे बसलो तेही. अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, दुपारी सपाट होतात.

याच डोंगरावर एक ‘पोथी भाषांतराचा खडक’ दाखवतात. उज्जैनचे बौद्ध आचार्य परमार्थ सहाव्या शतकात या भागात राहिले आणि त्यांनी इथे ग्रंथ चिनीत आणले, अशी परंपरा आहे.

जुने लेख बघून झाले की एक नवा लेखही बघावा. युनेस्कोच्या सागरी रेशीम मार्ग मोहिमेत ओमानचं ‘फुल्क अल-सलामा’ जहाज १९९० च्या ऑक्टोबरमध्ये व्हेनिसहून निघालं आणि गोवा, कोलंबो, मद्रास करत फेब्रुवारी १९९१ मध्ये छ्वानचौला पोहोचलं. त्यावरचे अभ्यासक या डोंगरावर आले, आणि त्यांच्या भेटीची नोंद जुन्या रिवाजाप्रमाणे इथल्याच खडकावर कोरून ठेवली आहे.